दास कोणाचा?

'दास' हा शब्द आपल्याकडे दोन दारांनी घरात येतो. पुढच्या दाराने येतो तो थेट देवघरात जातो. रामदास, तुलसीदास, पुरंदरदास ही नावे घेताना कोणाच्या डोळ्यांपुढे गुलाम उभा राहत नाही. उलट, नारायण ठोसर हे घरचे नाव मागे टाकून ज्यांनी स्वतःला रामाचा दास म्हणवून घेतले, ते कोणा माणसापुढे मान तुकवतील ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. मागच्या दाराने येते ती दासी. तिचे वास्तव्य वाड्याच्या मागच्या चौकात. पेशव्यांच्या दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत आणि त्यांत त्यांची किंमत रुपयांत लिहिलेली आहे. एकाच शब्दाची ही दोन रूपे एकाच वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सकाळी देवापुढे दास म्हणून हात जोडणाऱ्या यजमानाला मागच्या चौकातली दासी पाहून काही विसंगत वाटले, असे फारसे ऐकिवात नाही.

हाच गुंता ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात पाहायला मिळतो, आणि तिथे त्याचे परिणाम चार खंडांवर पसरलेले आहेत. मराठी बायबलातले रोमकरांस लिहिलेले पत्र काढून पाहावे. पत्र लिहिणारा पौल अगदी आरंभीच आपली ओळख ख्रिस्ताचा दास अशी करून देतो. मराठी वाचक इथे अडखळत नाही, कारण आपल्या कानांना रामदासांची सवय आहे. परंतु पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द आहे 'डूलॉस', आणि रोमच्या साम्राज्यात डूलॉस म्हणजे मालकीचा माणूस, बाजारात विकत मिळणारा. पगारी चाकर किंवा घरगडी नव्हे. त्याचे लग्न कायद्याला मान्य नव्हते, दासीची मुले मालकाची होत, आणि न्यायालयात गुलामाची साक्ष घ्यायची तर ती छळ करून घ्यावी असा दंडक होता. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात या शब्दाच्या जागी बहुतेक ठिकाणी चाकर या अर्थाचा सौम्य शब्द आला. मराठी भाषांतरकारांनी 'दास' ठेवला, हे अधिक प्रामाणिक झाले. मात्र आपल्या भक्तिपरंपरेने या शब्दाला इतका मुलामा दिलेला आहे, की त्याखालचे लोखंड आपल्याला दिसत नाही.

रोमच्या लोकांना ते दिसत होते. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलाम क्रुसावर चढवण्यात आले. क्रूस ही मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. प्रतिष्ठित रोमी नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. तेव्हा देवाने दासाचे रूप घेतले आणि क्रुसावरचे मरण पत्करले, असे पौल फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा तो अलंकार वापरत नाही. ऐकणाऱ्याला किळस यावी असे ते विधान होते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्रीचा प्रसंग आहे. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागतो आणि पेत्राला ते बघवत नाही. पाय धुणे हे त्या काळी गुलामाचे काम. गुरूने ते करावे यात पेत्राला जी लाज वाटली, ती लाजच त्या गोष्टीचा अर्थ आहे.

म्हणजे ख्रिस्ती धर्मात 'दास' हा शब्द मुळात वरच्याने खाली येताना वापरला. पौल स्वतः जन्माने रोमी नागरिक होता आणि वेळ आली तेव्हा त्याने त्या नागरिकत्वाचा आधारही घेतला. जे आपल्यापाशी आहे ते खाली ठेवून तो दास म्हणवून घेतो. ज्याच्यापाशी ठेवण्यासारखे काहीच नाही, ज्याला कोणी तरी आधीच विकून टाकलेले आहे, त्याला 'तूही नम्रपणे दास हो' म्हणून सांगणे हे दिसायला तेच वाक्य असले, तरी त्याचा अर्थ पार उलटा होतो. पुढच्या दोन हजार वर्षांत हे वाक्य कोण बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो, यावर लक्षावधी माणसांचे आयुष्य अवलंबून राहिले.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण रोममध्येच आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीने 'ईश्वराच्या दासांचा दास' हे बिरुद आपल्या नावापुढे लावले. ते पुढच्या पोपांनी चालू ठेवले, आणि आज्ञापत्राच्या मथळ्यावर ते येऊ लागले. १४५५ साली पाचव्या निकोलस पोपने पोर्तुगालच्या राजासाठी जे आज्ञापत्र काढले, त्याचा आरंभही याच बिरुदाने होतो. आणि पुढच्या मजकुरात, १४५२ च्या आधीच्या आज्ञापत्राला दुजोरा देऊन, मुसलमान आणि मूर्तिपूजक यांना कायमच्या गुलामगिरीत टाकण्याचा अधिकार राजाला दिला जातो. एकाच कागदावर वर 'दासांचा दास' आणि खाली कायमची दास्यता. लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी या दोन ओळींमध्ये अडखळली असेल का, असे मनात येते. बहुधा नसावी.

या आज्ञापत्राचा आपल्याशी संबंध आहे. पोर्तुगीज याच अधिकाराच्या बळावर आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे आले आणि १५१० मध्ये गोव्यात बसले. १५८३ ते १५८८ या काळात यान हाउखेन फान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण गोव्यात होता. नोकरी कोणाकडे? गोव्याच्या आर्चबिशपकडे, चिटणीस म्हणून. त्याने पुढे लिहिलेल्या प्रवासवर्णनात गोव्याच्या मुख्य रस्त्यावर सकाळी भरणाऱ्या बाजाराचे वर्णन आहे. अरबी घोडे, जवाहीर, गालिचे यांच्याबरोबर तिथे पुरुष, बायका आणि मुले यांचा लिलाव होई. बाजार रविवारी आणि सणाच्या दिवशी बंद असे. देवाचा दिवस पाळला जात होता, एवढे म्हणायला जागा होती! १४५२ आणि १४५५ च्या या आज्ञापत्रांशी जोडल्या गेलेल्या सिद्धांताचा त्याग करीत असल्याचे व्हॅटिकनने जाहीर केले ते मार्च २०२३ मध्ये.

पण पोप आणि राजे यांच्या कागदांपेक्षा बायबलातलाच एक छोटा कागद या प्रश्नाच्या मुळाशी अधिक जातो. पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या पंचवीस वचनांचे आहे. पौल तुरुंगात आहे. फिलेमोन नावाच्या सुखवस्तू ख्रिस्ती गृहस्थाचा अनेसिम नावाचा गुलाम घर सोडून त्याच्यापाशी आला आहे. पळून आला असावा आणि येताना मालकाचे काही नुकसानही केले असावे, असे पत्रावरून दिसते. अनेसिम या नावाचा अर्थ 'उपयोगी'. पौल त्यावर कोटी करतो, की आजवर हा तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगाचा झाला आहे. आणि तो त्याला परत पाठवतो. मात्र पाठवताना सांगतो, की आता त्याला दास म्हणून घेऊ नकोस, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून घे. मी स्वतः आलो आहे असे समजून घे. त्याने तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन.

पत्र मोठे हुशारीचे आहे. ते एकट्या फिलेमोनाला लिहिलेले नाही. त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेले आहे, म्हणजे ते सर्वांसमोर वाचले जाणार. आणि शेवटी पौल जाता जाता कळवतो, की माझ्यासाठी पाहुण्याची खोली तयार ठेव, मी लवकरच येईन अशी आशा आहे. आपल्याकडेही वडीलधारे काका घरातल्या भांडणाबद्दल चार समजुतीच्या ओळी लिहून शेवटी 'पुढच्या आठवड्यात येतोच आहे' असे कळवतात, तेव्हा त्या शेवटच्या ओळीचे वजन घरातल्या प्रत्येकाला कळते. एवढे सगळे करून पौलाने एक वाक्य मात्र लिहिले नाही. 'त्याला मोकळा कर' हे शब्द पत्रात कोठेही नाहीत. फिलेमोनाने पुढे काय केले हे नोंदलेले नाही. पत्र जपले गेले एवढेच आपल्याला माहीत, आणि रागाने फेकून दिलेले पत्र सहसा जपले जात नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नाशियसच्या एका पत्रात इफिसच्या अनेसिम नावाच्या बिशपाचा गौरव आहे. तो हाच असावा असे काहींना वाटते. नावाखेरीज दुसरा पुरावा नाही.

न लिहिलेल्या त्या एका वाक्याने पुढे मोठे काम केले. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातही असेच एक अर्धवट वाक्य आहे. दास असताना तुला पाचारण झाले असेल तर काळजी करू नकोस, पण स्वतंत्र होता येत असेल तर उपयोग करून घे, असे पौल म्हणतो. उपयोग कशाचा, ते ग्रीक मजकुरात सांगितलेलेच नाही. स्वातंत्र्याच्या संधीचा, असे आज बहुतेकांना वाटते. चौथ्या शतकातला थोर वक्ता जॉन क्रिसोस्तम याने मात्र, गुलामीतच राहून तिचा उपयोग कर, असा अर्थ लावला. व्याकरण दोन्ही अर्थ लावू देते. अशा जागी माणूस मनात जो अर्थ घेऊन येतो तोच त्याला सापडतो.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १८३० च्या दशकात चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाचा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक गुलामांना धर्म शिकवीत असे. तो स्वतः गुलामांचा मालक होता, आणि गुलामांच्या आत्म्याची काळजी मनापासून वाहणाराही होता. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात हे लक्षात ठेवायला हवे. एकदा त्याने फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन केले. मालकाशी निष्ठा हा ख्रिस्ती गुण आहे आणि पळून जाणे पौलाला मान्य नाही, असे तो सांगू लागला. तेव्हा श्रोत्यांपैकी निम्मे लोक सरळ उठले आणि चालते झाले. उरलेल्यांतल्या काहींनी, बायबलात असले पत्रच नाही, असे ठणकावले. हे सारे त्याने स्वतःच आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. त्या श्रोत्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. पत्र बायबलात होते, या बाबतीत ते चुकले. पत्र असे नाही, या बाबतीत चुकले असे म्हणवत नाही.

दुसरी हकिगत एका आजीची. हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातले नामांकित कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक. त्यांची आजी जन्माने गुलाम होती. तिला वाचता येत नसे म्हणून लहानपणी ते तिला बायबल वाचून दाखवीत. आजी स्तोत्रे ऐकायची, यशया ऐकायची, शुभवर्तमाने पुन्हा पुन्हा ऐकायची, पण पौलाची पत्रे वाचू द्यायची नाही. अपवाद एकच, करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा अध्याय. मोठेपणी थर्मन यांनी धीर करून कारण विचारले. ती म्हणाली, मालकाचा गोरा उपदेशक वर्षातून तीन-चार वेळा तरी पौलाचे एकच वचन घेऊन बोलायचा, दासांनी मालकांची आज्ञा पाळावी, हे. तेव्हाच मी ठरवले, की कधी मोकळी झाले आणि वाचायला शिकले, तर हा भाग वाचायचा नाही. कधीमधी मात्र एक गुलाम उपदेशक यायचा, आणि बोलणे संपवताना समोरच्यांना बजावायचा, की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. आजी ही गोष्ट सांगताना ताठ बसायची, असे नातवाने नोंदवले आहे.

हेच थर्मन १९३५-३६ मध्ये हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले होते आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटले होते. त्याच दौऱ्यात कोलंबोला एका वकिलाने त्यांना अडवून विचारले, की ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना पकडून विकले, त्या धर्माचा माणूस म्हणून तुम्ही इथे आलातच कसे? प्रश्न वर्मी लागणारा होता. १५६४ मध्ये राणी एलिझाबेथने जॉन हॉकिन्सला गुलामांच्या व्यापारासाठी जे जहाज दिले होते, त्याचे नाव होते 'जीझस ऑफ ल्यूबेक'. थर्मन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेले 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हे पुस्तक म्हणजे एका परीने त्या वकिलाला दिलेले सविस्तर उत्तर आहे, आणि आजीची हकिगत त्याच पुस्तकात येते.

मालकांनाही या ग्रंथाची भीती होतीच. १८०७ मध्ये, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला त्याच वर्षी, लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलातले निवडक भाग छापले गेले. जुन्या करारातला सुमारे नव्वद टक्के मजकूर आणि नव्यातला निम्मा त्यात नव्हता. योसेफाला भावांनी विकले आणि तो मिसर देशात इमानाने चाकरी करून मोठा झाला, ही गोष्ट ठेवली. मोशेने गुलामांना त्याच मिसरातून बाहेर काढले, ती गाळली. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही, हे गलतीकरांना लिहिलेले वचन गेले. दासांनी आज्ञा पाळाव्यात, हे इफिसकरांना लिहिलेले राहिले. या पुस्तकाच्या फार थोड्या प्रती आज शिल्लक आहेत. त्यांतली एक अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे आहे, जे १८६६ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठीच निघाले. ग्रंथ निरुपद्रवी असता, तर कात्रीची गरज पडली नसती.

इंग्लंडच्या चर्चची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे मालक चर्चच होते. १७१० मध्ये ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाच्या धनिकाने बार्बाडोसमधली आपली उसाची मळ्यांची इस्टेट, गुलामांसकट, इंग्लंडच्या धर्मप्रसारक 'सोसायटी'ला मृत्युपत्राने दिली. सुरुवातीच्या काळात या मळ्यांवरच्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने एक शब्द डागला जाई, 'सोसायटी'. ज्या संस्थेचे काम त्यांना देवाचे दास करण्याचे, तिने आधी आपल्या मालकीची खूण उमटवून घेतली. १ ऑगस्ट १८३४ पासून ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपली, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. ती मालकांना दिली. सोसायटीलाही तिच्या चारशेवर गुलामांबद्दल साडेआठ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. इंग्लंडच्या चर्चने फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या महासभेत या सगळ्याबद्दल माफी मागितली, आणि गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या जुन्या पैशाचा शोध घेतल्यावर जानेवारी २०२३ मध्ये दहा कोटी पौंडांचा निधी उभारण्याचे जाहीर केले.

दुसऱ्या बाजूने कोणी बोललेच नाही असे नाही. विल्बरफोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांची हकिगत शाळेच्या पुस्तकातही असते, म्हणून ती इथे उगाळत नाही. त्याच्या चौदाशे वर्षे आधी निस्साच्या ग्रेगरी नावाच्या बिशपाने भर प्रवचनात श्रीमंतांना विचारले होते, की देवाची प्रतिमा असलेला माणूस तुम्ही कोणत्या किमतीला घेतलात, त्याच्या तोलाचे नाणे तुम्हाला मिळाले तरी कोठे? गुलामाला चांगले वागवा, एवढ्यावर थांबणारे पुष्कळ होते. माणूस मालकीचा असूच शकत नाही, असे सरळ म्हणणारा प्राचीन काळात हा जवळपास एकटाच.

आणि पेद्रो क्लॅव्हर? हा स्पेनचा जेज्युइट १६१० मध्ये आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात आला. आफ्रिकेतून गुलामांचे जहाज लागले, की तो पाणी, फळे आणि औषधे घेऊन तळघरात उतरे. तिथला दर्प सहन न होऊन इतर लोक जिथून परत फिरत, तिथे तो खरूज झालेल्या, मरणाला टेकलेल्या माणसांच्या उशाशी बसे. १६२२ मध्ये अखेरच्या व्रताच्या कागदावर सही करताना त्याने आपल्या नावापुढे लिहिले, आफ्रिकनांचा कायमचा दास. या सहीपुढे कोणाचेही डोके लवावे, कारण खाली लिहिलेले त्याने पुढची तीस वर्षे पाळले. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या कामात क्लॅव्हरला आफ्रिकी भाषा येत नसत, म्हणून त्याच्याबरोबर दुभाषे असत. ते दुभाषे जेज्युइट महाविद्यालयाच्या मालकीचे गुलाम होते. 'मी तुमचा दास आहे' हे क्लॅव्हरचे बोलणे नव्या गुलामांना ज्याच्या तोंडून कळत होते, तो विकत घेतलेला माणूस होता. त्याला हे शब्द भाषांतरित करताना काय वाटत असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. नाशिकला जावे लागते.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसे जातात. शरणपूर हे नाव आता दुकानांच्या पाट्यांवर उरले आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर वसवलेले हे ख्रिस्ती गाव. शरण येणे आणि शरण जाणे, आश्रय आणि समर्पण, हे दोन्ही अर्थ मराठीतल्या या शब्दात आहेत. तिथे 'आफ्रिकन असायलम' होते. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडी, त्यांतली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीच शरणपूरला येत. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावेही मिळाली. आईबापांनी ठेवलेले नाव बहुतेकांचे तिथेच पुसले गेले, हेही नमूद करायला हवे.

याच मुलांतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या तांड्यात गेला. मे १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरले गेले. प्रार्थना वाचली ती नाशकात शिकलेल्या जेकबने, आणि झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. मग हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत त्या लोकांनी शव किनाऱ्याला आणले. एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सत्पुरुषांना अर्पण केली. आपले दास्य देवानेच नेमून दिले आहे असे ज्याला पटवले गेले, तो साखळीशिवाय बांधला जातो, हे जोतीरावांनी ओळखले होते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांना तो शब्द दोन्ही दारांनी येताना दिसला होता.

नाशिकची आणखी एक माळ आफ्रिकेत गेली. विल्यम जोन्स हा लहानपणी पकडून विकला गेलेला, इकडे मिशनमध्ये वाढलेला तरुण १८६४ मध्ये दोघा सोबत्यांसह मोंबासाजवळच्या राबई या टेकडीवरच्या ठाण्यात गेला. दहा-अकरा वर्षांनी प्राइस स्वतः तिकडे गेले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने 'फ्रिअर टाउन' वसले. शरणपूरची आफ्रिकन मंडळीही तिथे हलली. झांजिबारच्या सुलतानाने १८७३ च्या तहाने समुद्रावरचा गुलामांचा व्यापार बंद केला होता, पण गुलाम बाळगणे तिथे कायदेशीरच होते. त्यामुळे किनाऱ्याच्या मळ्यांवरून माणसे पळून राबईला येऊ लागली. मिशनने पळालेल्यांना थारा देऊ नये, असा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा दट्ट्या होता. मालक हत्यारे घेऊन येण्याच्या धमक्या देत होते.

म्हणजे फिलेमोनाचेच पत्र. घर सोडून आलेला अनेसिम दारात उभा, मालक मागे, आणि मधे देवाचे नाव घेणारा माणूस. फरक इतकाच, की इथे दार उघडणारा माणूस स्वतःच एके काळी अनेसिम होता. योगायोग पाहा, जॉर्जियात या पत्रावर प्रवचन करणाऱ्याचे आडनाव जोन्स आणि राबईत दार उघडणाऱ्याचेही जोन्सच. पहिल्याने पत्र वाचून दाखवले. दुसऱ्याने आलेल्यांना झोपड्या बांधायला जागा दिली, आणि वर्षानुवर्षे ती माणसे तिथे राहत गेली.

१८८८ मध्ये रोमला पोपने क्लॅव्हरला संत म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी प्राइस, आता म्हातारपणाकडे झुकलेले, तिसऱ्यांदा मोंबासाला आले, कारण प्रकरण हातघाईवर आले होते. मोजदाद झाली तेव्हा मिशनच्या ठाण्यांत पळून आलेल्यांची संख्या चौदाशेच्या घरात निघाली. इतकी माणसे परत पाठवणे आता प्राइसना शक्य नव्हते, आणि ठेवून घेण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. अखेर इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांशी बोलणी केली. कंपनीला किनाऱ्यावर शांतता हवी होती, दंगलीत व्यापार होत नाही. माणशी ठरावीक दराने मालकांना पैसे द्यायचे आणि पळालेल्यांना मुक्ततेचे कागद द्यायचे, असे ठरले.

१ जानेवारी १८८९ रोजी राबईला ते कागद वाटले गेले. नावे पुकारली जात होती आणि एकेक माणूस पुढे येत होता. मालकांना माणशी ठरलेले पैसे मिळाले. इतकी वर्षे मळ्यांवर राबलेल्या हातांची मजुरी त्या हिशेबात कोठे धरलेली नव्हती. बार्बाडोसमध्ये १८३४ ला तरी कोठे धरली होती?